सुंठीवाचून डोकेदुखी गेली!

मराठी माणसाच्या बोलण्यात त्याचे डोके जितक्या वेळा येते तितक्या वेळा दुसरा कोणताही अवयव येत नसावा. शेजारच्या घरातला टीव्ही मोठ्याने लागला की त्याचे डोके उठते, पोरांनी हट्ट धरला की ते पिकते, साहेबाने कामात खोट काढली की ते फिरते, आणि लग्नाच्या मांडवात मानपानात जरा कमीजास्त झाले की वरपक्षाकडील एखादे काका त्यात राख घालून घेतात. बिनबोलावता येऊन आठ दिवस मुक्काम ठोकणाऱ्या पाहुण्याला तर आपण सरळ 'डोकेदुखी' हेच नाव देऊन टाकतो. वाक्प्रचार शिकवताना ही यादी मी फळ्यावर लिहितो, तेव्हा मुले मनापासून हसतात.

पण या विनोदाला दुसरीही एक बाजू आहे. ज्या दुखण्याची भाषेनेच इतकी थट्टा केली, त्या दुखण्याकडे घरात कोणी गांभीर्याने पाहत नाही. पोटात दुखू लागले तर डॉक्टरांना फोन जातो, छातीत दुखले तर सारी सोसायटी जागी होते. डोके दुखले तर मात्र "एक गोळी घे आणि पड जरा" एवढ्यावर निकाल लागतो. आपले पूर्वज या बाबतीत अधिक दक्ष होते असे म्हणावे लागेल. सुश्रुतसंहितेत शिरोरोगांचे ११ प्रकार सांगितले आहेत. सूर्य चढेल तसा चढणारा तो सूर्यावर्त, अर्धे डोके फोडून काढणारा तो अर्धावभेदक, अशी त्यांची नावेही मोठी बोलकी आहेत. आपल्या आज्या ज्या दुखण्याला 'अर्धशिशी' म्हणत आणि ज्यावर सहाणेवर सुंठ उगाळून कपाळाला लेप लावीत, ते यांपैकीच एक.

आज मला लिहायचे आहे ते मात्र या अकरांत नसलेल्या एका बाराव्या डोकेदुखीविषयी. सुश्रुताला ती ठाऊक नव्हती, कारण त्याच्या काळी गोळ्यांची पाकिटे नव्हती. ही डोकेदुखी डोकेदुखीच्या गोळीनेच येते!

बारावी डोकेदुखी

वाचकांना हे वाक्य चमत्कारिक वाटेल. मलाही ते प्रथम ऐकताना तसेच वाटले होते. ज्या औषधाने दुखणे थांबते त्याच औषधाने ते येईल कसे? पण वैद्यकशास्त्रात ही गोष्ट आता पक्की झालेली आहे. आंतरराष्ट्रीय डोकेदुखी संघटनेने १९८८ साली डोकेदुखीचे पहिले शास्त्रीय वर्गीकरण प्रसिद्ध केले, त्यातच औषधांमुळे उद्भवणाऱ्या डोकेदुखीला जागा दिलेली होती. २००४ च्या दुसऱ्या आवृत्तीत तिला 'औषधांच्या अतिवापराची डोकेदुखी' या अर्थाचे नाव मिळाले, आणि २०१८ च्या तिसऱ्या आवृत्तीत तिची लक्षणे नेमकी आखून दिली आहेत.

ती अशी. ज्याला मुळातच अर्धशिशीचा किंवा साध्या डोकेदुखीचा त्रास आहे, अशा माणसाचे डोके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस दुखू लागले, आणि तो गेले तीन महिन्यांहून अधिक काळ नेमाने वेदनाशामक घेत असला, तर ही शंका घ्यावी. पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन अशा साध्या गोळ्यांची मर्यादा महिन्यातले १५ दिवस. दोनतीन औषधे एकत्र कुटून केलेल्या मिश्र गोळ्या, अर्धशिशीवरच्या ट्रिप्टान आणि अर्गोटामीन जातीच्या गोळ्या, किंवा अफूच्या वर्गातली वेदनाशामके असतील तर मर्यादा अवघी १० दिवसांची. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही की, येथे हिशेब गोळ्यांचा नसून दिवसांचा आहे. एका दिवशी दोन गोळ्या घेतल्याने जेवढे बिघडत नाही, तेवढे रोज अर्धी अर्धी घेण्याने बिघडते.

निरनिराळ्या देशांतल्या पाहण्यांतून असे दिसते की, शंभर प्रौढ माणसांत एकदोघांना तरी हे दुखणे असते; आणि पुरुषांच्या तिप्पट-चौपट ते बायकांना होते. म्हणजे दोनशे बिऱ्हाडांच्या एखाद्या वसाहतीत अशी पाचसहा माणसे असायला हरकत नाही, आणि त्यांतल्या चौघी तरी बायका. त्या चौघींना बहुधा ठाऊकही नसेल.

ताईची पर्स

त्यांपैकी एक माझी थोरली बहीण. ताईने पन्नाशी ओलांडली आहे. गेली सत्तावीस वर्षे ती डोंबिवलीहून सकाळची फास्ट लोकल पकडून दक्षिण मुंबईतल्या एका कचेरीत जाते. अर्धशिशी तिला न्हाती झाली तेव्हापासूनची. आमच्या आईला होती, आजीलाही होती, तेव्हा दागिन्यांबरोबर तीही वारशाने आली असे ती म्हणते. पूर्वी महिन्यातून दोनदा किंवा तीनदा डोके दुखायचे. ती खोलीत अंधार करून पडायची, एकदा उलटी व्हायची, संध्याकाळपर्यंत मोकळी व्हायची.

पुढे नोकरी आली, संसार आला. अंधार करून पडायला नोकरदार बाईला सवड कुठली? कचेरीत कुणीतरी एक गोळी सुचवली. तिच्यात दोन वेदनाशामके आणि वर थोडे कॅफीन. गोळी उत्तम लागू पडली. अर्ध्या तासात ताई पुन्हा टेबलाशी. मग पुढे पुढे असे होऊ लागले की, दुखेल या भीतीने गोळी आधीच घ्यायची. लोकलला गर्दी आहे, घे गोळी. ऑडिट आहे, घे गोळी. चतुर्थीचा उपवास आहे, चंद्रोदय उशिरा आहे, घे गोळी. आठवड्यातून एकदा होती ती दोनदा झाली, दोनदाची चारदा झाली, आणि गेली तीनएक वर्षे तर ताईच्या पर्समध्ये रेल्वेचा पास आणि गोळ्यांचे पाकीट या दोन गोष्टी नाहीत असे कधी झाले नाही.

दुखणेही हळूहळू रूप पालटत गेले. पूर्वी ते अर्धे डोके धरी आणि सोडून देई. आता ते डोक्यावर घट्ट टोपी बसवावी तसे सगळीकडून बसले. पहाटे चारला जाग येई ती डोके दुखतच. ताईने सुगम संगीताचा वर्ग सोडला, वरच्या जागेची बढती नाकारली, सणावारी कुणाकडे जाणे बंद केले. तपासण्या झाल्या, चष्म्याचा नंबर बदलला, सायनसची वाफ घेऊन झाली, पित्तावर मोरावळा खाऊन झाला. प्रत्येक उपायाबरोबर गोळी चालू होतीच. कारण ती कुणाच्या हिशेबी 'औषध' नव्हतीच मुळी, ती म्हणजे चहासारखी एक नेहमीची गोष्ट.

आणि अशातच बंगलोरहून भाचीचा फोन आला. तिला दिवस गेले होते, आणि पौषात बाळंतपण होते. पहिले बाळंतपण, म्हणजे ते आईनेच करायचे. ताईला आनंद झाला, पण त्या रात्री ती मला म्हणाली, "अरे, रात्री मूल रडत असेल, पोर एकटी जागत असेल, आणि मी दुसऱ्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडलेली असेन. मी तिथं जाऊन करू काय?"

गोळ्या किती नव्हे, दिवस किती?

भाचीच्या आग्रहाने आम्ही एका मज्जातंतुतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी प्रथम नेहमीसारखी सारी तपासणी केली. मग विचारले, "महिन्यातून किती दिवस डोकं अगदी स्वच्छ, मोकळं असतं?" ताई विचार करीत राहिली. दुखण्याचे दिवस सगळेच विचारतात. न दुखण्याचे तिला कुणीच कधी विचारले नव्हते. दुसरा प्रश्न असा, "आणि महिन्यातून किती दिवस गोळी पोटात जाते?"

याचे उत्तर ताईजवळ होते, आणि तेही लेखी! आमच्याकडे बायका भिंतीवरच्या कॅलेंडरात दुधाचा हिशेब ठेवतात. ताई त्याच चौकोनात कोपऱ्यात एक बारीक फुली करायची, गोळी घेतल्याची. म्हणजे वाण्याच्या यादीत नवे पाकीट कधी लिहायचे ते कळावे. मेव्हण्यांनी घरून त्या पानाचा फोटो धाडला. श्रावण महिन्यात २३ फुल्या होत्या.

डॉक्टरीणबाईंनी जे समजावून सांगितले ते मी माझ्या शब्दांत देतो. आपल्या मेंदूत वेदना पोचवणारी जशी व्यवस्था आहे, तशी ती दाबून धरणारीही आहे. अर्धशिशीचा पिंड असलेल्या माणसाने रोज बाहेरून वेदनाशामक पुरवले की ही दाबून धरणारी व्यवस्था ढिली पडते, आणि वेदना पोचवणारे मज्जातंतू अधिकाधिक हळवे होतात. पूर्वी ज्या गोष्टीने डोके दुखत नसे तेवढ्याने ते दुखू लागते. गोळीचा अंमल उतरला की दुखणे वर येते; म्हणून पुन्हा गोळी; ती उतरली की पुन्हा दुखणे. गोळीत कॅफीन असेल तर त्याची भर वेगळीच, कारण नित्याचे कॅफीन सुटले की बारा ते चोवीस तासांत डोके दुखायला लागते, हे सकाळचा चहा चुकलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

यातली एक गोष्ट मला फार नवलाची वाटली. संधिवाताचे रोगी सांध्यांसाठी वर्षानुवर्षे रोज वेदनाशामके घेतात. पण ज्यांना मुळात डोकेदुखीची खोड नाही त्यांचे डोके त्यामुळे दुखू लागत नाही. ज्यांना ती आहे त्यांचेच बिघडते. म्हणजे गोळी रोग निर्माण करीत नाही, असलेल्या ठिणगीवर फुंकर घालते. यात रोग्याची नीती, मनाचा दुबळेपणा, 'सवयीची गुलाम' वगैरे बोलण्याला काही अर्थ नाही. ताईने प्रत्येक गोळी दुखत होते म्हणून, आणि कामावर जायचे होते म्हणून घेतली होती.

हा शोधही काही कालचा नव्हे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या पीटर्स आणि हॉर्टन या डॉक्टरांनी १९५१ मध्येच अर्गोटामीन या अर्धशिशीवरच्या औषधाविषयी हे लिहून ठेवले होते. रोज औषध घेणारे रोगी ते बंद केल्यावर काही दिवस बेजार होत, आणि मग चांगले बरे होत. १९८२ मध्ये ली कुड्रो यांनी साध्या वेदनाशामकांबाबतही हाच उलटा न्याय दाखवून दिला. डोके सोडून दिले तरी या गोळ्या निरुपद्रवी नव्हेतच. स्वित्झर्लंडमधल्या घड्याळांच्या कारखान्यांत नजर रोखून काम करणारी माणसे फेनासेटिन असलेल्या गोळ्या नि पुड्या सर्रास घेत. त्यांची मूत्रपिंडे बिघडत असल्याचे १९५३ च्या सुमारास लक्षात आले. अमेरिकेत त्या औषधावर बंदी यायला १९८३ साल उजाडले.

पितृपंधरवडा

उपाय एका वाक्याचा होता: ती गोळी बंद. ताईच्या गोळ्या एकदम बंद करता येण्याजोग्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी मुद्दाम बजावले की, अफूच्या वर्गातली वेदनाशामके किंवा झोपेच्या गोळ्या कुणी रोज घेत असेल तर त्या अशा एकाएकी तोडायच्या नसतात; त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली पायरीपायरीने उतरवायच्या असतात. "आणि हे ऐकून ठेवा," त्या म्हणाल्या, "आधी वाढेल, मग कमी होईल. वाढलं म्हणजे चुकलं असं समजू नका."

गणपती गेले होते, पितृपंधरवडा लागत होता. मेव्हणे म्हणाले, "या पंधरवड्यात नवं काही सुरू करीत नाहीत." ताई म्हणाली, "सुरू कुठं करतेय? बंदच करतेय ना!" तिने पंधरा दिवसांची रजा टाकली आणि ती आमच्याकडे राहायला आली, कारण तिच्या स्वतःच्या घरात, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, "हात टाकीन तिथं गोळी आहे." ते अक्षरशः खरे होते. मेव्हण्यांनी शिवणयंत्राचा खण, देवघराखालचे कपाट, छत्रीचा कप्पा, जिऱ्यामोहरीच्या डब्यामागची फट असे सगळे शोधले, तेव्हा साठाच्या वर गोळ्या निघाल्या.

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी दुपारपासून डोक्यात घण पडू लागले. तिसऱ्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, त्यांवर डॉक्टरांनी औषध दिलेलेच होते. हातापायांना कंप, छातीत धडधड, झोप नाही, स्वभावाला न शोभणारी चिडचिड. माझ्या मुलाने जिन्यात चेंडू आपटला म्हणून ताई त्याला असे काही बोलली की नंतर तीच रडत बसली. आम्ही पडदे ओढून ठेवले, फोडणीचा वास नको म्हणून स्वैपाक साधा केला, चहा सहा कपांवरून दोनावर आणला. ओली पट्टी, ताक, मऊ भात आणि मुगाचे वरण, एवढाच आमचा दवाखाना.

चौथ्या रात्री अडीचच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तर ताई स्वैपाकघरात अंधारात बसलेली. म्हणाली, "एक दे रे. बरं, एक नको, अर्धी दे." घरात गोळी नव्हतीच. मी शेजारी बसलो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "खरं सांगू? दुखण्याची मला इतकी भीती वाटत नाहीये. ते ओळखीचं आहे. भीती वाटतेय ती हाताशी काही नसण्याची." या दुखण्याविषयी पुढे मी जे जे वाचले त्यात इतके नेमके वाक्य मला कुठे सापडले नाही. पहाटेपर्यंत आम्ही तसेच बसून राहिलो. तिला झोप लागली तेव्हा दूधवाला आला होता.

हा काळ किती दिवसांचा, याचेही शास्त्रज्ञांनी मोजमाप केले आहे. साधारणतः दोन ते दहा दिवस. ट्रिप्टान जातीच्या गोळ्या सोडणाऱ्यांची सरासरी चार दिवसांत सुटका होते. साधी वेदनाशामके सोडणाऱ्यांना मात्र साडेनऊ दिवस लागतात. ज्या गोळ्या आपण साध्या म्हणतो त्यांची पकड सर्वांत चिवट, हे ऐकून ताई म्हणाली, "साध्या माणसांचंही तसंच असतं."

सहाव्या दिवशी दुखणे दोन तास थांबून पुन्हा आले. आठव्या दिवशी अर्धा दिवस थांबले. दहाव्या दिवशी सकाळी साडेपाचला तिने मला हाक मारली. मी धावत गेलो. ती अंथरुणावर उठून बसली होती आणि चेहऱ्यावर काहीतरी हरवल्यासारखा भाव होता. "अरे," ती म्हणाली, "डोक्यात काहीच नाहीये."

"हे आम्ही लहानपणापासून म्हणत आलो," मी म्हणालो. तीन वर्षांत प्रथमच ती मोठ्याने हसली आणि हसताना तिने कपाळाला हात लावला नाही.

दोन महिने आणि पुढे

येथे गोष्ट संपली असती तर ती गोड झाली असती. पण सर्वपित्री अमावस्येला दुखणे पुन्हा आले, नवरात्रात दोनदा आले. ताई खचली. डॉक्टरीणबाई मात्र खूश! "कुठल्या बाजूला दुखलं? डावीकडे? अर्धंच? संध्याकाळी थांबलं? अहो, ही तुमची जुनी अर्धशिशी. ती जायची नाही. पण ती सांभाळता येते. मधला उपरा गेला हे महत्त्वाचं." गोळी सोडल्यावर मज्जातंतू पूर्वपदावर यायला दोन महिने लागू शकतात, तोवर रोजच्या रोज हिशेब मांडून निराश होऊ नये, असे त्यांचे सांगणे. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शिकेतही २०१२ पासून हेच सांगितलेले आहे: किमान एक महिना औषध बंद ठेवा, आणि सुधारण्याआधी बिघडेल हे रोग्याला आधीच कळू द्या.

त्याबरोबर अर्धशिशी मुळात कमी यावी म्हणून प्रतिबंधक औषध सुरू झाले. ही औषधे वेदनाशामके नव्हेत. प्रोप्रानोलॉल, ॲमिट्रिप्टिलीन, टोपिरामेट ही त्यांतली जुनी. २०१८ पासून महिन्यामहिन्याने टोचून घ्यायची नवी इंजेक्शनेही निघाली आहेत, पण ती महाग. कोणते कुणाला चालेल हे दम्यापासून वजनापर्यंत अनेक गोष्टींवर ठरते, तेव्हा शेजारणीचे औषध आपल्याला लागू पडेल असे समजू नये. डेन्मार्कमध्ये १२० रोग्यांवर केलेला एक प्रयोग २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिन्ही पद्धतींनी गुण आला. पण गोळी बंद करणे आणि प्रतिबंधक औषध सुरू करणे ही दोन्ही कामे एकदम केली त्यांना सर्वांत चांगला. नॉर्वेत तर असे दिसून आले की, घरच्या डॉक्टरांनी काही मिनिटे नीट बसून ही गोष्ट समजावून सांगितली एवढ्यानेच पुष्कळ रोगी सुधारले. समजावून सांगणे हेही औषधच म्हणायचे!

पुन्हा घसरण्याचा धोका पहिल्या वर्षात मोठा असतो. चारपाच जणांत एकदोघे तरी पूर्वीच्या वाटेला लागतात. म्हणून ताईला एक नियम मिळाला: दुखणे जोरात आले तर लवकर आणि पुरेशा मात्रेत गोळी घ्यावी, पण आठवड्यातून दोन दिवसांहून अधिक नाही. तीही मिश्र गोळी नव्हे, एकाच औषधाची. आणि प्रत्येक वेळी कॅलेंडरात फुली.

पौषात भाचीला मुलगी झाली. ताई दोन महिने बंगलोरला राहिली. बाळाने रात्रीचा दिवस केला, आणि जागरणाने ताईचे डोके दोनचारदा दुखलेच. तिने गोळी घेतली, फुली मारली, तासाभराने उठून नातीला मांडीवर घेतले. गोळी पुन्हा नुसती गोळी झाली होती. यंदाच्या श्रावणात तिच्या कॅलेंडरात चार फुल्या आहेत.

घरोघरच्या कॅलेंडरासाठी

या दुखण्याला मराठीत सुटसुटीत नाव नाही. ताईने एक सुचवले आहे: अर्धशिशीची धाकटी बहीण म्हणून 'गोळीशिशी'. परिभाषा कोशात ते जाईल न जाईल, घरात ओळखायला पुरेसे आहे.

दिवाळीच्या दिवसांत तर तिला ओळखण्याची गरज फार. अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठायचे, आदल्या रात्री चकल्या तळत बारापर्यंत जागायचे, सगळ्यांचे होईतो स्वतः जेवायचे नाही, त्यात फटाक्यांचा धूर, उदबत्ती, अत्तर आणि दिव्यांच्या माळांचा लखलखाट. अर्धशिशीला बोलावणे धाडायचे तर यापेक्षा निराळे काय करावे? भुकेने आणि झोप मोडल्याने ती येते, हे वैद्यकाने ओळखलेले आहे. तेव्हा घरातली जी बाई सर्वांच्या शेवटी जेवते तिला वेळेवर जेवायला बसवणे, आणि कढईपाशी आळीपाळीने उभे राहणे, हा गोळीहून स्वस्त उपाय आहे. उपवास करणाऱ्या अर्धशिशीच्या माणसाने दोन घास फराळ वेळेवर घेतला तर देव काही रागावत नाही.

काही डोकेदुख्या मात्र कॅलेंडराची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायच्या असतात. क्षणार्धात वीज कोसळावी तशी आलेली, आयुष्यात कधी नव्हती इतकी तीव्र. तापाबरोबर मान ताठ करणारी. बोलणे अडखळवणारी, हातपाय लुळे करणारी किंवा दृष्टी घालवणारी. डोक्याला मार लागल्यावर वाढत जाणारी. गरोदरपणातली वा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली. यांत घरगुती शहाणपणा चालवू नये.

बाकी आपण सर्वांनी आपल्या घरात एवढे करावे. पुढच्या वर्षाची कॅलेंडरे याच दिवसांत बाजारात येतात. नवे कॅलेंडर भिंतीला लागले की त्याच्या खिळ्याला एक पेन्सिल दोऱ्याने बांधून ठेवावी. ज्याने गोळी घेतली त्याने आपल्या नावाचे आद्याक्षर त्या चौकोनात लिहावे. महिना संपला की पान उलटण्याआधी अक्षरे मोजावीत. आठापर्यंत असतील तर चिंता नाही. दहाच्या पुढे गेली असतील तर त्या माणसाला "तुला कशानंही डोकं दुखतं" असे म्हणू नये. त्याच्या शेजारी बसून, न दुखणारे दिवस किती होते ते विचारावे, आणि ते पान घेऊन त्याच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे.

'सुंठीवाचून खोकला गेला' ही म्हण आपण फुकटच्या लाभासाठी वापरतो. या एका दुखण्यापुरती तरी ती शब्दशः खरी आहे. फक्त लाभ फुकटचा नसतो, दहा कठीण दिवस मोजून तो घ्यावा लागतो. त्या दहा दिवसांत शेजारी बसणारे कुणीतरी लागते. ते कुणीतरी आपण व्हावे, आणि ज्यांच्या डोक्यावर वर्षानुवर्षे ती घट्ट टोपी बसलेली आहे त्यांना येती दिवाळी मोकळ्या कपाळाने पाहायला मिळावी, एवढीच या दीपोत्सवात इच्छा.